कोरडा कोपरा

नोव्हाय, मिशिगन
४ जानेवारी

नकुलदादा, पाया पडतो.

तुझं पत्र पोचलं. देवळाच्या ऑफिसात प्रल्हादकाकांनी पाकीट उजेडाला धरून उलटंपालटं केलं नि म्हणाले, "राजाराम, ही तेवारू कोण बाई रे? हिच्या घरी फोन नाही का?" मी म्हटलं, "काका, बाई कुठली, माझा थोरला भाऊ आहे. कंपनीनं मोबाईल काढून घेतलेत सगळ्यांचे." म्हणाले, "कसली कंपनी?" मी सांगितलं, बांधकामाची, तेवारू बेटावर गोदामं बांधतात. तर काकांनी पाकीट हळूच टेबलावर ठेवलं. गरम तवा ठेवावा तसं.

दादा, तुझ्या बेटाचं नाव इथे रोज टीव्हीवर असतं. माझ्यासारख्या आठवी नापासालाही आता ते पाठ झालंय. इथले म्हणतात, समोरच्यांनी तुमच्या बेटाच्या सरकारला खिशात घातलंय आणि तिथे अणुबॉम्बवाली क्षेपणास्त्रं आणून ठेवणार आहेत. समोरचे म्हणतात, आम्ही माशांसाठी गोदाम बांधतोय, तुमच्या पोटात का दुखतंय. (समोरचे म्हणजे कोण ते तुला कळलंच. तिकडे पत्रं फोडत असतील म्हणून नाव लिहीत नाही.) राधिकाताईंच्या अनीशनं मला फोनवर पृथ्वी दाखवली. सगळा निळा समुद्र आणि त्यात एक ठिपका. मी बोट ठेवलं तर बेट बोटाखाली गेलं.

राधिकाताई म्हणजे आपल्या नागपूरच्या. मोटारीच्या कंपनीत इंजिनियर आहेत, रविवारी आमच्या भटारखान्यात पोळ्या लाटायला येतात. अनीश त्यांचा मुलगा. कॉलेजात जातो. मराठी कळतं सगळं, बोलताना अडखळतो.

माझं बरं चाललंय. शनिवार-रविवार आठशे पानं उठतात. काका म्हणतात, एवढा मऊ शिरा त्यांनी पुण्यातही खाल्ला नाही. पण दादा, पाय वळवळतात रे. बाहेर गुडघाभर बर्फ, आत कढई. ट्रक चालवायला शिकून कॅलिफोर्नियाला जावं म्हणतो. तिथे सनीव्हेलला मोठं देऊळ आहे नि थंडी नाही. काका म्हणाले, "तुझा व्हिसा देवाच्या नावावर आहे. देव इथे, तू इथे."

तू तिथे नेमकं काय बांधतोस ते लिही. खरं लिही. आईला मी फोनवर सांगितलंय की दादा दुबईला आहे आणि त्याच्या खोलीत रेंज नाही.

तुझा
राजा


तेवारू
२२ जानेवारी

राजा, आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून बाळकाका म्हणाले, कोंबडी अजून शाईतच नाचतेय. पण दोनदा वाचून घेतलं त्यांनी माझ्याकडून. शिऱ्याचं ऐकून सगळ्या गँगच्या तोंडाला पाणी सुटलं. बारा माणसं आम्ही, मुकादम तेच, बाळकाका. बाकी बिहारचे चार, ओरिसाचे तीन, सुरतेचा देवांग आणि आपल्याकडचे आणखी दोघं.

काय बांधतो विचारलंस. स्लॅब टाकतो, दुसरं काय येतं आपल्याला! आठ स्लॅब. एकेक कबड्डीच्या चार मैदानांएवढा आणि जाडी चार फूट. सळई मनगटाएवढी. मी बाळकाकांना म्हटलं, माशांसाठी एवढी सळई? तर म्हणाले, "मासा मोठा असंल. तू पाणी मार."

सात झाले. आठवा परवा, वीस तारखेला टाकला. आता त्याला अठ्ठावीस दिवस पाणी. कंपनीचे इंजिनियर म्हणतात, औषध फवारा आणि मोकळे व्हा, आमच्याकडे असंच करतात. बाळकाका ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, बाळंतिणीला सव्वा महिना आणि स्लॅबला अठ्ठावीस दिवस, त्याच्या आत उठवायचं नाही. मग आपण गावाकडे करतो तसंच. सिमेंट-वाळूच्या वीतभर उंच कडा घालून वाफे पाडले. आडवे बारा, उभे आठ. पाणी वरच्या डोंगरातल्या टाकीतून उतारानं येतं, पंप लागत नाही. समुद्राचं पाणी चालत नाही, सळई गंजते. उन्हात वाफे असे चमकतात की डोळे दिपतात. इथली पोरं आम्हाला हसतात. म्हणतात, ही माणसं दगडाला पाणी घालून उगवायची वाट बघतात.

पाणी मारायचं काम माझ्याकडे. एक कोपऱ्यातला वाफा मी कोरडा ठेवतो, चपला, डबा नि बिडीचं पाकीट ठेवायला. आपण तासगावला ठेवायचो तसा. सकाळी आलो की रात्री सर पडून कोपरा भरला असला तर पहिलं काम तो उपसायचा, मग बाकीचं. बाळकाका म्हणतात, कोपऱ्याची तेवढी जागा रडते. रडू दे, आपल्याला पाय टेकायला नको का?

तासगाव म्हटलं की आठवतं का रे? शाळेच्या स्लॅबला पाणी मारायचं सोडून तू जत्रेत कुस्त्या बघायला पळालास. दोन दिवस पाण्याचा थेंब नाही. तिसऱ्या दिवशी स्लॅबला ही भेग! बाळकाकांनी विचारलं, पाणी कोणाकडे होतं? मी म्हटलं, माझ्याकडे. ती थोबाडीत अजून कधीकधी वाजते कानात. हसतोयस ना? हस.

वरून विमानं फिरतात. दिवसातून चार-पाचदा, इतकी खाली येतात की डब्यातला भात हलतो. बेटावरची साडेतीनशे-चारशे माणसं आताशा जेवण करून डोंगरावरच्या देवळात जाऊन बसतात. चर्च आहे, पण म्हातारी माणसं आपल्यासारखीच चपला बाहेर काढतात. एक आजी मला रोज भाजलेलं फणसासारखं काहीतरी आणून देते. त्या कोपऱ्यात ठेवून जाते.

आईला दुबईच राहू दे.

टपालाची बोट फक्त रविवारी येते. जपून राहा. ट्रकबिक नको.

नकुल


नोव्हाय
५ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र परवा आलं. आणि काय वेळेला आलं म्हणून सांगू! नीट बसून वाच.

रविवारी टीव्हीवर तुझं बेट दाखवलं. आकाशातून काढलेला फोटो. आठ करड्या पाट्या, त्यातल्या आठव्यावर चमकणारे चौकोन. सुटातली दोन माणसं काठीनं दाखवून बोलत होती. अनीश मला सांगत होता, "राजादादा, ते म्हणतात ही कूलिंग सिस्टिम आहे. म्हणजे खाली काहीतरी हॉट आहे. आधी सातवर पण हेच होतं, मग ते गेलं, म्हणजे सात रेडी. आठवा रेडी झाला की मिसाईल्स बसवणार." आणि तो कोपऱ्यातला काळा चौकोन? त्याला म्हणत होते, आत उतरायची झडप.

मी पोळीचं पीठ हातात घेऊन उभा. म्हटलं, अनीश, हे स्लॅबला पाणी मारलंय. तो म्हणाला, व्हॉट? तेवढ्यात राधिकाताई आल्या, फोन हातात घेतला आणि ओरडल्याच, "अरे देवा, हे तर क्युरिंग! नागपूरला आमचं घर बांधलं तेव्हा बाबा रोज मला वाफे भरायला लावायचे!" त्यांना रडूच आलं. पण तेव्हा आमच्याकडे पुरावा नव्हता. परवा तुझं पत्र आलं, त्यात सगळं होतं. बारा आडवे, आठ उभे. राधिकाताईंनी मोजले फोटोत. बरोब्बर.

त्यांनी इथल्या खासदाराच्या ऑफिसात कळवलं, पेपरवाल्यांना कळवलं. प्रल्हादकाका ओरडले, "राधिका, देवळाचं नाव कुठे घालू नकोस. या पोराचा व्हिसा आहे." ताई म्हणाल्या, "काका, तिकडे बॉम्ब पडला तर इकडे पण पडणार आहे. मग व्हिसा कोणाला दाखवणार?"

आणि काल दोन माणसं आली. एक बाई, एक बाप्या. सरकारी. अगदी सभ्य. बूट बाहेर काढले, शिरा खाल्ला, बाईनं पुन्हा मागून घेतला. अनीश मध्ये बसला माझं बोलणं इंग्रजीत करायला. दादा, आयुष्यात पहिल्यांदा सुटातली माणसं माझं ऐकून घेत होती. मी सगळं सांगितलं. वाफे कसे पाडतात, पाणी कसं भरतात, कोपरा कोरडा का. बाप्या म्हणाला, चपला? मी म्हटलं, चपला आणि डबा. बाई हसली. मला वाटलं, जिंकलो.

मग तिनं विचारलं, हे पाणी किती दिवस? मी म्हटलं, अठ्ठावीस. अठ्ठावीस दिवसांनी वाफे फोडायचे, मग त्यावर हत्ती नाचवा. अनीशनं सांगितलं त्यांना. तोपर्यंत काही न लिहिणाऱ्या बाप्यानं तेवढं एक लिहून घेतलं. स्लॅब कधी टाकला विचारलं. मी तुझ्या पत्रात बघून सांगितलं, वीस जानेवारी. पत्राचा फोटो काढून घेतला आणि मला धन्यवाद म्हणाले.

आता बघ तू. एक-दोन दिवसांत टीव्हीवर सांगतील की साधं पाणीच होतं म्हणून. बाळकाकांना सांग, ज्याला तुम्ही गँगमधून कुत्रं म्हणून हाकललं होतं त्यानं तुमचा स्लॅब वाचवला.

अजून पाकीट बंद केलेलं नाही. राधिकाताई म्हणतात, आज जलद टपालात टाकतील.

राजा


नोव्हाय
८ फेब्रुवारी

दादा,

आधीचं पत्र गेल्यावर हे लगेच लिहितोय. दोन्ही एकाच बोटीनं मिळाली तर हे आधी वाच.

इथल्या राष्ट्राध्यक्षांनी आज मुदत दिली. सतरा फेब्रुवारीच्या आत आठवा स्लॅब तोडून टाका, नाहीतर आम्ही तोडू. समोरच्यांनी तासाभरात उत्तर दिलं, बेटाला हात लावला तर तुमच्या गावांना हात लावू. गावं म्हणजे इथली. डेट्रॉईटचं नावही घेतलं म्हणे कोणीतरी.

सतरा. मी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर, मग पुन्हा बोटांवर. वीस जानेवारीला अठ्ठावीस घातले की सतरा.

माझ्याच तोंडून गेलं की त्यांना आधीच माहीत होतं, देव जाणे. राधिकाताई म्हणतात, "वेडा आहेस का, कोणताही इंजिनियर काढेल एवढा हिशेब." पण त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. अनीश तर दोन दिवस भटारखान्यात आलाच नाही. आज आला नि म्हणाला, "राजादादा, त्यांना सांगताना मी लोड म्हणालो. एनी लोड, काहीही वजन. मी तो वर्ड नको वापरायला होता." म्हटलं, बाळा, मी तर हत्ती म्हणालो होतो.

टीव्हीवरचे म्हणतात, चौकोन चमकताहेत तोवर काम अपुरं आहे, तोवर बोलणी होऊ शकतात. चौकोन गेले की संपलं. म्हणून सांगतो. सतरा तारखेला वाफे फोडू नका. अठ्ठावीस झाले तरी पाणी घालत राहा. तीस घाला, चाळीस घाला. बाळकाकांना सांग, ते ऐकतील, स्लॅबला जास्त पाणी घालू नका असं ते आयुष्यात कोणाला म्हणाले नाहीत.

आणि तू तिथून नीघ. हे दोन्ही एकदम कसं होणार ते मला कळत नाही. मी लिहून टाकलं. तू थोरला आहेस, तू बघ.

इथे दुकानांत तांदूळ संपलाय. काकांनी तळघर रिकामं करून घेतलं. तीनशे माणसं बसतील म्हणतात. मी तिथे भांडी लावली. परवा शाळेतल्या पोरांना टेबलाखाली बसायला शिकवत होते. दर्शनाला रांग लागतेय. एरवी कधी न दिसणारे लोक येतात आणि मला म्हणतात, "भाऊ, थोडा जास्त प्रसाद द्या." देतो.

आईचा फोन आला होता. दुबईत सगळं शांत आहे ना म्हणाली. मी म्हटलं, अगदी शांत.

राजा


तेवारू
१३ फेब्रुवारी

राजा,

तुझं पत्र गेल्या बोटीला नव्हतं. बरा आहेस ना?

इथलं आता आवरलं म्हणायचं. कंपनीचे साहेब लोक काल त्यांच्या जहाजातून गेले. आमचे मोबाईल एका खोक्यात होते, ते खोकंही गेलं. जाताना इंजिनियर बाळकाकांना म्हणाला, सतराला वाफे फोडून स्लॅब झाडून ठेवा, आमचे दुसरे लोक येतील. कोण येणार, कशात येणार, सांगितलं नाही. परवा रविवारी टपालाची बोट येईल, त्यात आम्हा बाराजणांना शेजारच्या बेटावर नेणार आहेत. तिथून विमान. म्हणजे महिन्याभरात गावी!

म्हणून उद्यापासून पाणी बंद करावं म्हणतो. बाळकाका तोंड फिरवून बसलेत. म्हणतात, तीन दिवसांसाठी कशाला बट्टा लावतोस. मी म्हटलं, काका, निघायचंय, कोणासाठी मारू पाणी? काकांनी उठून स्वतःच नळी घेतली. सत्तरीचा माणूस. मग मीच घेतली हातातून.

आता क्षितिजावर जहाजं दिसतात. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला पाच. एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. हलत नाहीत. आमची आजी म्हणते (खुणेनं म्हणते), हे लोक मासे का पकडत नाहीत?

आईला काही बोलू नकोस. एकदम दारात जाऊन उभा राहीन.

१५ फेब्रुवारी, रविवार

बोट आली. तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. तू सांगितलंस तसं दुसरं आधी वाचलं.

वेळ कमी आहे. सगळे बोटीत चढलेत, देवांग माझी वाट बघतोय, हे त्याच्याकडेच देतो. तो शेजारच्या बेटावरून टाकील.

मी पत्र बाळकाकांना वाचून दाखवलं, मोठ्यानं. सगळी गँग ऐकत होती. काकांनी मान वर करून आभाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "वरून बघतात?" म्हटलं, हो. "आपलं पाणी बघतात?" हो. तर म्हातारा हसला रे. म्हणाला, "पन्नास वर्षं मारलं. कोणी मालकानंसुद्धा बघितलं नव्हतं."

बोटवाला म्हणतो, ही शेवटची. इथलं ऊन तुला माहीत नाही, दीड दिवस नाही घातलं तर वाफे कोरडे ठक्क होतात. डोंगरावर चारशे माणसं आहेत. त्यांना कुठली बोट? देवांगनं हाताला धरून ओढलं मला. म्हणाला, तुझ्या भावानं अमेरिकेत बसून लिहिलं म्हणून मरतोस का? मी म्हटलं, माझ्या भावानं तासगावला एकदा पाणी चुकवलंय, खानदानात दोनदा नको.

चिडू नकोस. गंमत केली.

हत्ती म्हणालास त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. खरंच आहे ते. मीही हत्तीच म्हणालो असतो.

मी आणि बाळकाका थांबतोय. टाकी भरलेली आहे. तांदूळ आहे. आजी आहे. बोलणी होतील तेव्हा दुसरी बोट येईल. तोवर तुला वरून दिसत राहीन, तुला काय रे, घरबसल्या भाऊ दिसतोय. कोपऱ्यात बघ.

नकुल


नोव्हाय
३ मार्च

दादा,

हे पत्र जाणार नाही. इथल्या पोस्टातली बाई म्हणाली, तेवारूचं टपाल बंद आहे, कधी सुरू होईल माहीत नाही. माझं तोंड बघून म्हणाली, लिहून ठेव. म्हणून लिहितोय.

तुझं पत्र गेल्या शुक्रवारी मिळालं. पण ते यायच्या आधीच मला कळलं होतं, तू थांबलास ते.

पंधरा तारखेला महाशिवरात्र होती. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. तांबे घेऊन लोक रांगेत उभे, एकेक जण पिंडीवर पाणी घालून पुढे सरकतोय. जत्रा असल्यासारखी गर्दी. मी साबुदाणा ढवळत होतो आणि पाण्याचा आवाज ऐकत होतो. सोळा गेली. सतराला कोणी कामावर गेलं नाही. दुपारी तळघरात अडीचशे माणसं होती, एक म्हातारे काका तेवढे मोठ्यानं घोरत होते. चारच्या सुमाराला अनीश जिन्यावरून धावत आला. "राजादादा, न्यू पिक्चर! ओला आहे! इट्स स्टिल वेट!"

दादा, फोटो एवढासा. आठवा स्लॅब चकाकत होता. पंच्याण्णव वाफे भरलेले आणि कोपरा काळा. मी म्हटलं, हा माझा भाऊ. लोकांना काही कळेना. राधिकाताईंनी सांगितलं सगळ्यांना. मग एक बाई पुढे आल्या आणि त्यांनी त्या फोनला हात लावून नमस्कार केला.

संध्याकाळी जाहीर झालं, काम अजून अपुरं दिसतंय, मुदत एक आठवडा वाढवली. बोलणी सुरू झाली. तिसऱ्याच एका देशात बसलेत सगळे. आठवड्यानं पुन्हा वाढवली. टीव्हीवरचे चक्रावलेत. त्यांच्यातला एक म्हणाला, एवढं पाणी कोणी घालतं का? मी ओरडलो, बाळकाका घालतात! अनीश हसून हसून खाली बसला.

रोज चारला फोटो येतो. रोज आम्ही तिघं पोळ्या टाकून बघतो. आधी कोपरा, मग बाकीचं. कोपरा काळा दिसला की राधिकाताई म्हणतात, "आला बाई तुझा नकुल कामावर." मग मी पुन्हा पोळ्या लाटतो. ट्रकचं डोक्यातून गेलंय. पाय वळवळत नाहीत आताशा. रोज चारला इथे असावं लागतं.

पत्र आल्यावर मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. तासगावचं तेवढं गाळलं. मग रात्री झोपताना वाटलं, का गाळलं? दुसऱ्या दिवशी अनीशला सांगितलं सगळं. जत्रा, भेग, थोबाडीत. तो म्हणाला, "सो ही टूक इट फॉर यू." मी म्हटलं, हो.

त्या शनिवारपासून ढग होते. तीन दिवस फोटोत नुसता पांढरा कापूस. टीव्हीवर म्हणाले, त्या बाजूला जोराचा पाऊस आहे. ढगांच्या खाली काय चाललंय कोणालाच दिसेना. रविवारी तिथे काहीतरी आवाज झाल्याचं इथले म्हणाले. समोरचे म्हणाले, वीज. दोघांची जहाजं थोडी थोडी पुढे सरकलीत म्हणतात.

आज ढग गेले. चारला फोटो आला. अनीशनं बघितला आणि उडीच मारली. "फुल! राजादादा, ऑल फुल! सगळा चमकतोय!" राधिकाताईंनी हात जोडले. बाहेर ऑफिसात काकांनी टीव्ही मोठा केला. बातमीत सांगत होते, स्लॅब अजून ओला आहे, सह्या बहुतेक आठवड्याभरात होतील, आज जगानं सुटकेचा निःश्वास टाकला.

मी फोन हातात घेतला. मोठा करून बघितला. बारा आडवे, आठ उभे. मोजले. पुन्हा मोजले. शहाण्णव.

कोपरा भरलेला आहे, दादा.

पाऊस पडला की सकाळी पहिलं काम कोणतं, ते तूच लिहिलंयस. पत्र माझ्या खिशात आहे.

राधिकाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय रे?" मी म्हटलं, काही नाही, पाणी आहे. त्यांनी मग फोटो घेतला आणि बघत राहिल्या. त्यांनाही दिसलं असणार. पोळपाटाशी गेल्या आणि लाटायला लागल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. मीही नाही बोललो. काय बोलणार? त्या सरकारी बाईचं कार्ड माझ्याकडे आहे. तिला फोन करून सांगू की आता तिथे माणूस नाही, नुसता पाऊस आहे? एकदा खरं सांगून बघितलं मी.

तू डोंगरावर गेला असशील. बाळकाकांना ताप आला असेल, आजीनं तुला धरून ठेवलं असेल, पावसात कोण कामाला जातं. असं असेल. उद्या येशील.

तिथे आज ऊन आहे. फोटोत सावल्या दिसतात. दीड दिवस म्हणाला होतास तू.

आईचा आत्ताच फोन येऊन गेला. म्हणाली, दुबईला पाऊस पडला म्हणे, बातम्यांत ऐकलं, दादा भिजला नाही ना?

दादा, कोपरा उपस.

राजा